मास्तरांच्या पायाची पट्टी

दवाखान्यात तिला सगळे पट्टीवाल्या ताई म्हणत. सकाळपासून जखमा धुवायच्या, पुसायच्या, बांधायच्या. बहुतेक मधुमेहाच्या, पायांच्याच. संध्याकाळी घरी यावं तर तिथेही एक पाय वाट बघत बसलेला. सासऱ्यांचा.

सासरे शिंपी. गल्लीत त्यांना मास्तर म्हणत. साखरेने पायातली जाणीव केव्हाच गेली होती. चपलेत अडकलेली टाचणी अंगठ्याखाली रुतली, तरी ते दिवसभर मशीन मारत राहिले. जखम चिघळली. डॉक्टरांनी कोरफडीचा गर आणि समुद्री शेवाळ यांची नवी पट्टी दिली. ओलसर, हिरवट, साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. दर तीन दिवसांनी बदलायची. सोमवारपर्यंत फरक पडला नाही तर अंगठा काढायचा, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं. अंगठा गेला तर पायमशीनही गेलं, हे मास्तरांना कुणी समजावायची गरज नव्हती.

फरक पडत नव्हता. जखमेच्या कडा पांढऱ्याफटक, भिजट. पट्टीची कड दर वेळी गायब असे. ती विरघळत असेल, असं तिला वाटे. त्यावर जास्त विचार करायला डोकं शिल्लक कुठे होतं?

रविवारी नवऱ्याच्या शर्टाला बटण लावायला तिने मास्तरांचा चिंध्यांचा डबा उघडला. आत सुकून कडक झालेल्या हिरव्या किनारी होत्या. एकसारख्या, गोल कापलेल्या.

"बाबा, हे काय?"

"कात्रणं. तुझ्या त्या पट्टीची."

"तुम्ही पट्टी कापता?"

"मग काय करू? जखम केवढीशी, पट्टी केवढी. फिटिंग म्हणून काही असतं की नाही? तू कामाला गेलीस की सोडतो, बेतशीर करतो, परत बांधून टाकतो." शाबासकी मिळेल अशा चेहऱ्याने ते बघत होते.

ती तिथेच स्टुलावर बसली. ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायलाही अंगात त्राण लागतं.

"शिवणीत कापड सोडता ना तुम्ही?"

"सोडावंच लागतं. नाहीतर पहिल्याच दिवशी उसवेल."

"ही पट्टीही तशीच बोटभर बाहेर सोडायची असते. जखमेचं पाणी ती ओढून घेते. तुम्ही मापात कापलीत, तर पाणी बाजूच्या चामडीवर बसतं. कड कुजते."

मास्तरांनी डब्यातलं एक कात्रण उचलून बोटाने मापून पाहिलं. "मग आधी सांगायचं होतंस."

दवाखान्यात प्रत्येकाला ती हे पाठ म्हटल्यासारखं सांगे. घरी कुणाला सांगायचं राहूनच गेलं होतं.

सोमवारी नवराही रजा काढून बरोबर आला. डॉक्टर म्हणाले, "या पट्टीने होत नाही. अंगठा काढू."

"पट्टीचा दोष नाही, सर," ती म्हणाली आणि कात्रणांची हकीकत सांगितली. डॉक्टरांना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. दिवा जवळ ओढून पुन्हा नीट पाहिलं.

"मधला भाग लाल आहे, चांगला आहे. कडाच बिघडल्यात. पंधरा दिवस देतो. पण पाय जमिनीला टेकायचा नाही, मोरीपर्यंतसुद्धा नाही. दिवसा घरी कोण असतं?"

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. "ही आहे ना. हिला सगळं येतं."

"अरे, तिला विचार तरी," मास्तर पुटपुटले.

अंगठा वाचेल, निदान वाचू शकेल, याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, आत कुठेतरी.

"मी रात्रपाळी मागून घेते," ती म्हणाली.

"आणि झोपणार कधी?" मास्तरांनी विचारलं.

"पंधरा दिवसांनी," ती म्हणाली, आणि त्यांना आधार द्यायला वाकली.