विटांवरची मोटार आणि थोरल्या काकूंची रांगोळी

थोरले काका म्हातारे होऊन गेले, हे थोरल्या काकूंचे कर्तृत्व.

काकू आज सकाळी गेल्या. शांतपणे, चहा संपवून.

ही गोष्ट संस्थानाच्या अखेरच्या वर्षांतली. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. परंतु काका आणि काकू, दोघांकडून स्वतंत्रपणे ऐकली आहे आणि तपशील जुळतात.

स्थळ: हिंदी मुलखातले लश्कर शहर, दाना ओली या गल्लीतले आमचे अंगण.
दिवस: खंडेनवमी.

तलवारींबरोबर आजोबांच्या मोटारीचीही पूजा व्हायची. आजोबांचा आग्रह असा, की मोटार खालूनसुद्धा पुसलेली हवी.
"तलवार काय एकाच बाजूने पुसतात?"

काकांनी जॅक लावून मोटार पुढून उचलली, आसाखाली विटा रचल्या आणि जॅक काढून घेतला.
"पक्की ईंट है, कुछ नहीं होगा!"

काकू नव्या सूनबाई. सासऱ्यांशी थेट बोलण्याची पद्धत नव्हती, निरोप सासूबाईंमार्फत.

"आई, मामंजींना सांगा, विटांवर मोटार टेकवू नये. वीट सांगून फुटत नाही."

आजीने आजोबांकडे वळून निरोप पोचवला,
"सूनबाई म्हणते, फराळ तयार आहे."

नव्या सुनेने सासऱ्यांना शिकवायचे, हे आजीला कसे चालणार?

काकांनी मोटारीखाली पोते सारले. आता स्वतः शिरणार.

काकूंनी रांगोळीचा डबा उचलला आणि काका जिथून आत जाणार, नेमकी तिथेच रांगोळी घातली. चांगली ऐसपैस.

सणाची ताजी रांगोळी तुडवणार कोण?

काका वैतागले. "आई, हिला सांग ना! ये क्या तरीका है?"

आजोबा मात्र हसले.
"सूनबाई, आता तुम्हीच बोला."

"मामंजी, कोणी खाली जाण्याआधी मोटारीला एकदा धक्का देऊन बघा."

आजोबांनी एका हाताने ढकलली.

विटांचा चुरा झाला. मोटार धाडकन खाली आली. पोते खालीच चेपले.



मग आजोबा म्हणाले, "कसे करायचे, सांगा."

काकूंचे वडील तोफखान्यात. तोफगाड्याचे चाक काढताना पाहत त्या वाढल्या होत्या.

जमीन सपाट आणि टणक हवी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगडांची अडण. आसाखाली रुंद, सागवानी ओंडके, आडवे-उभे रचून. भार ओंडक्यांवर, तरीही जॅक जागेवर. मग पुन्हा धक्का.

या वेळी घरातल्या सगळ्यांनी मिळून ढकलली. मोटार हलली नाही.

काका खाली गेले, पुसून आले. तोंड इतके काळे, की आजीने मोटारीआधी त्यांनाच ओवाळले आणि अंगण हसून लोळले.

त्या दिवसापासून काकू आणि आजोबा थेट बोलू लागले. पुष्कळ बोलत. भांडतसुद्धा.

आज काकूंना खांदा द्यायला नातू आणि पणतू इतके होते, की मला माझी पाळी मागून घ्यावी लागली.

काकू, भरल्या मनाने आणि हसऱ्या तोंडाने तुम्हाला शेवटचा नमस्कार.