येलदरीच्या पाण्यावरची सनई

ती घटना मला आठवत नाही, ऐकू येते. सकाळी दाढी करताना, पेपर वाचताना, बायको काहीतरी महत्त्वाचं सांगत असताना कुठून तरी सनईचा लांबलचक सूर सुरू होतो आणि मी जिंतूर तालुक्यातल्या त्या ठाण्यात जाऊन बसतो. बायको म्हणते, "निघाले साहेब ड्युटीवर!" नोकरी सोडून काही वर्षं झाली, पण ही ड्युटी सुटत नाही.

तेव्हा मी त्या ठाण्याचा प्रभारी होतो. दिवस नेहमीसारखा चालला होता. बांधावरून झालेली डोकेफोड, हरवलेली म्हैस, "नवऱ्याला समज द्या" म्हणणारी बायको आणि तिच्या मागोमाग "बायकोला समज द्या" म्हणणारा तोच नवरा. एवढ्यात शिवणकाम करणारी एक बाई तक्रार अर्ज घेऊन आली. तिचे वडील सनईवादक. आमच्या भागात त्यांना सगळे उस्ताद म्हणत. ते वारून वर्ष होत आलं होतं.

उस्ताद फार हट्टी माणूस. मांडवात कुणी रेकॉर्डिंगला मोबाईल पुढे केला की सनई खाली ठेवत. वरमाय रुसली तरी चालेल, पण मोबाईल खिशात गेल्याशिवाय सूर निघायचा नाही. आणि अशा माणसाच्या माघारी घरात एक पत्र्याची पेटी सापडली, तिच्यात कॅसेटी! त्यांत काय भरलंय हे लेकीला माहीत नव्हतं, कारण घरात टेपरेकॉर्डरच नव्हता. पुण्याहून एक रेकॉर्डिंगवाला यंत्रं घेऊन येणार होता. वर्षश्राद्धाच्या दिवशी त्या कॅसेटी लोकांना ऐकवायच्या आणि मग इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुल्या करायच्या, असं ठरलं होतं. तो येण्याच्या आदल्या दिवशी पेटी गायब झाली.

आमचा ठाणे अंमलदार जरा फटकळ होता. म्हणाला, "बाई, जुन्या कॅसेटी कोण चोरणार? भंगारात गेल्या असतील."

बाई त्याच्याकडे वळली. "दादा, तुमच्या लग्नात माझ्या बाबानंच वाजवलं होतं. काय वाजवलं, सांगा बरं?"

अंमलदार टोपी चाचपायला लागला. "त्या दिवशी मी जरा गडबडीत होतो."

"सगळेच गडबडीत होते. लोकांनी बाबाला पंगतीत जेवता जेवता ऐकलं. जिलेबी आली की सनई गेली. साहेब, एकदा तरी माणसांनी त्याच्यासाठी बसावं आणि ऐकावं. मला दुसरं काही नको."

मी अर्ज चौकशीवर घेतला. घराचं कुलूप शाबूत, कडी शाबूत. "घरी कोण येतं-जातं?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "मामा येतात, पण ते घरचेच."

हे मामा म्हणजे उस्तादांचे साथीदार. सनई एकट्याने वाजत नाही. एक जण पुढे बसून वाजवतो आणि दुसरा त्याच्यामागे बसून दुसऱ्या सनईवर एकच सूर धरतो. गाल फुगवून तोंडाने फुंकायचं आणि त्याच वेळी नाकाने श्वास आत घ्यायचा, म्हणजे सूर तुटत नाही. मामांनी हयातभर हेच केलं होतं. उस्तादांच्या लेकीला खांद्यावर खेळवलं होतं ते वेगळंच. चोरीच्या तक्रारीत "ते घरचेच" हे शब्द आले की पोलिसाचे कान टवकारायला हवेत. माझे टवकारले नाहीत, कारण मला पुण्याचा पाहुणा मिळाला होता.

तो यंत्रांच्या पेट्या घेऊन आला आणि मी त्याला थेट ठाण्यात बसवला. नाटकाची मला पहिल्यापासून हौस. खुर्ची उन्हात, मी सावलीत, मध्ये भली मोठी शांतता. पाच मिनिटांत भले भले घामाघूम होतात. याने मात्र डोळे मिटून विचारलं, "साहेब, तुमचा पंखा कोणत्या सुरात फिरतो, माहितीये?"

माझ्या सगळ्या नाटकावर पडदा पडला. असा माणूस चोरी करत नाही. केलीच तर आवाजाची करेल, पेटीची नाही.

मग खबर आली, तीही अशी की डायरीत लिहावी कशी हा प्रश्न. येलदरी धरणाच्या फुगवट्यावर मासेमारी करणारा एक जण, अधूनमधून आम्हाला वाळूच्या गाड्यांची माहिती द्यायचा. तो दारात उभा राहून आत यायला तयार होईना.

"साहेब, हसू नका बरं. मेलेला माणूस वाजवायलाय."

"कोण?"

"उस्ताद! पहाटं जाळं काढायला गेलो की पाण्यावरून सनई यायलीय. आमच्या लोकायनी दोन दिस झालं होड्या घातल्या न्हाईत."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही पोहोचलो. पूर्णेचं पाणी दूरपर्यंत पसरलेलं, त्यावर धुकं. बुडालेल्या झाडांचे शेंडे वर आलेले आणि प्रत्येक शेंड्यावर एक बगळा, जणू मैफलीला बसलेला. त्या धुक्यातून सनई येत होती. ती लांबून येतेय की जवळून, कळेना. माझ्या शिपायाने बूट काढून हातात घेतले. का काढले, त्याचं त्यालाही सांगता आलं नाही. देवळात शिरल्यासारखे आम्ही त्या आवाजामागे चालत गेलो.

काठावर एक खोपी होती. आत मामा बसले होते. समोर जुना टेपरेकॉर्डर, शेजारी पत्र्याची पेटी, तिला बांधलेला भला मोठा दगड. पेटी बुडवायची तयारी पक्की होती, फक्त प्रत्येक कॅसेट शेवटची एकदा ऐकायची म्हणून काम रेंगाळलं होतं.

"काय करायलाव मामा?" मी विचारलं.

"आता काई न्हाई. मीच चोरली. चला, टाका आत."

ठाण्यात त्यांनी चहा घेतला, बिस्किट घेतलं, पण कारण सांगेनात. लेक आली. "मामा, तुमी? बाबाचं नाव व्हायलं होतं, ते तुमाला बघवेना का?" मामांनी भिंतीकडे तोंड केलं. तो शब्द त्यांना लागला, हे पाठीवरूनही दिसत होतं, तरी गडी बोलेना. मी दरडावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं. त्यांचं एकच, "गुन्हा कबूल हाय. लिवून घ्या."

शेवटी मी कॅसेट लावली. दुपारचं ठाणं, बाहेर कडुनिंबाची सावली, आणि टेबलावरून सनई उलगडायला लागली. वायरलेसवरचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. कोठडीतला दारुडा उठून गजांना टेकला. भांडत आलेले भाऊ भांडण विसरून पायरीवर टेकले. अशी सनई मी कुठल्या मांडवात ऐकली नव्हती. दुपार असून डोळ्यांपुढे पहाटेचं ते पाणी हलत होतं.

पण काहीतरी खटकत होतं. अंमलदार हळूच म्हणाला, "साहेब, मागचा सूर मधीच बसायलाय." खरंच! पुढची सनई पाण्यासारखी वाहत होती आणि मागचा धरलेला सूर चालता चालता थांबायचा, धापा टाकल्यासारखा, आणि पुन्हा उभा राहायचा.

लग्नांच्या बंदोबस्तात मी मामांना कित्येकदा पाहिलं होतं. वरात रखडली, नवरदेव घोड्यावरून उतरला, लाइट गेली, तरी त्यांचा सूर हलला नव्हता. आता माझ्यातला नट जागा झाला. मी जबाबाचा कागद पुढे ओढला आणि मोठ्याने बोलत लिहायला लागलो: "सदर इसमाचा सूर वारंवार तुटत असल्याने, आपली बदनामी होईल या भीतीपोटी सदर इसमाने..."

मामा ताडकन उठले. "कुणाचा सूर? माझा? खोडा ते! चोर लिवा, दरोडेखोर लिवा, पर माझा सूर जल्मात तुटला न्हाई!"

"मग हा कुणाचा?"

आपण काय बोलून बसलो ते मामांच्या ध्यानात आलं, पण उशिरा. खाली बसून ते लेकीला म्हणाले, "तुझ्या बापाचा हाय, पोरी."

मग सगळं बाहेर आलं. चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा दोघं मामांचा टेपरेकॉर्डर घेऊन येलदरीला जायचे आणि फक्त आपल्यालाच ऐकायला वाजवून भरून ठेवायचे. तिथे एकदा उस्ताद म्हणाले, "हयातभर मी तुझ्या सुरावर उभा हाय. आता तू पुढं बस, मी धरतो." मामा नको नको म्हणाले, पण उस्तादांपुढे कुणाचं चालायचं! त्यांचं वय झालेलं, दात गेलेले, सूर धरायची सवय कधीच नव्हती. सूर तुटायचा, उस्ताद हसायचे, पुन्हा धरायचे.

"जगानं माझ्या मालकाला असं ऐकावं? लोकं म्हणतीन, उस्तादाला साधा सूर धरता येत न्हवता. म्हणून नेली पेटी. पर पाण्यात टाकवंना. त्यो मागं बसलेला ऐकू येतो ना त्याच्यात."

 लेकीने टेपरेकॉर्डर जवळ ओढला, कान लावला, आणि पुढची सनई सोडून फक्त मागचा सूर ऐकत राहिली. रडत होती आणि हसतही होती. "बाबा मागं बसला! मामा, आमच्या बाबाला कुणाच्या मागं बसलेलं मी कधी बघितलं नाही." तिने तिथेच अर्ज मागे घेतला. माझ्या खात्याचं काम संपलं.

माझं मात्र संपलं नव्हतं. पुण्याचा गडी कॅसेटी उतरवत होता तेव्हा मी आगंतुकासारखा जाऊन बसलो. तो म्हणाला, "काळजी नको. जिथे सूर तुटलाय तिथे दुसरीकडचा तुकडा जोडून देतो. कुणालाही कळणार नाही."

लेक म्हणाली, "मामा, तुमी सांगा. जोडायचा का?"

ज्यासाठी म्हाताऱ्याने चोरी केली होती, ते आयतं ताटात वाढून आलं होतं. मामा डोळे मिटून ऐकत होते. सूर थांबला, पुन्हा उभा राहिला.

"नगं जोडू," ते म्हणाले. "तितं माझा मालक दम घ्यायलाय. त्येला घेऊ दे."

वर्षश्राद्धाला शाळेच्या पटांगणात लोक जमले. लेकीने खमकेपणाने सांगितलं, "आधी ऐकायचं, पंगत नंतर." छापील पत्रिकेवर सनई या शब्दापुढे मामांचं नाव होतं आणि सूर या शब्दापुढे उस्तादांचं. मामांनी त्यावरून भांडण काढलं, हरले, आणि रागाने सगळ्यांत मागे जाऊन बसले.

चौकशीच्या खोलीत माणूस मार सोसतो, तुरुंग सोसतो, पण त्याच्या आयुष्यभराच्या कामाला कुणी नाव ठेवलं की त्याला गप्प राहवत नाही, हे मी मामांकडून शिकलो. ती युक्ती पुढे मी अनेकांवर वापरली आणि गुन्हे उघडकीला आणले. पण त्या दिवशी पटांगणात सूर पहिल्यांदा तुटला, तेव्हा शेकडो माणसं, एकमेकांना माहीत नसलेली, एकाच वेळी श्वास रोखून बसली होती. पलीकडे गेलेला एक माणूस दम घेऊन परत येईपर्यंत कुणी हललं नाही. त्याचा जबाब मला अजून लिहिता आलेला नाही.