कोलशेतच्या फाइलवरच्या हरकती

सूड घ्यायची संधी मिळाली तर माणसाने मोठ्या मनाने ती सोडून द्यावी, असं आमच्या घरी शिकवलं होतं. मी सोडली नाही. सावकाश, चवीचवीने सूड घेतला आणि तोही नियमांच्या भाषेत.

वागळे इस्टेटमधल्या एका कंत्राटदाराकडे मी नऊ वर्षं नोकरी केली. रस्ता खोदायचा तर आधी वाहतुकीचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. गाड्या कुठून वळवायच्या, धोक्याचा फलक खड्ड्याच्या किती आधी लावायचा, पायी चालणाऱ्यांनी कुठून जायचं, हे सगळं त्यात असतं. ते आराखडे मी करायचे. एकदा डोंबिवलीत आमच्या कामावर पाइपलाइनच्या चरात एक शिक्षिका स्कूटरसकट पडल्या. मांडीचं हाड मोडलं. माझ्या आराखड्यात त्या जागी बॅरिकेड होते, दोन फलकही होते. प्रत्यक्षात ते सगळं आमच्या गोदामात पडून होतं, कारण टेम्पो दुसऱ्या साइटवर अडकलेला. चौकशी लागली तेव्हा आमच्या कंत्राटदार साहेबांनी लिहून दिलं की आराखडाच सदोष होता आणि तो करणाऱ्या बाईंना कामावरून काढलं आहे. मला काढल्याचं मला त्या पत्राच्या प्रतीवरून कळलं.

"अगं, तुला काय, दुसरीकडे मिळेल. माझं लायसन्स गेलं तर सगळा स्टाफ घरी बसेल," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मिळालं नाही. दोन वर्षं कुणी मला आराखड्याला हात लावू दिला नाही. मी घरी गणिताच्या शिकवण्या घेतल्या आणि मनातल्या मनात त्या माणसाला रोज एका नव्या खड्ड्यात पाडलं.

मग एका तपासणी करणाऱ्या कंपनीत जागा मिळाली. कंत्राटदारांचे आराखडे पोलिसांकडे जाण्याआधी आमच्याकडे येतात, आणि आमच्या सहीशिवाय फाइल हलत नाही. एका मंगळवारी कोलशेतच्या एका रस्त्याची फाइल माझ्या टेबलावर आली. कव्हरवर साहेबांच्या कंपनीचं नाव होतं. ते वाचून मी आधी चहा मागवला.

पहिल्या वेळी फलकाचं अंतर कमी होतं, फाइल परत. दुसऱ्या वेळी पायी चालणाऱ्यांची वाट थेट गटारावरून काढलेली, परत. तिसऱ्या वेळी गाड्यांची मोजणी रविवारची निघाली, म्हणजे कारखाने बंद असतानाची. परत. एकही हरकत खोटी नव्हती. प्रत्येक वेळी लाल पेनाने लिहिताना मला बरं वाटायचं, आणि ते लपवायची मला काही गरज वाटत नाही.

चौथ्या वेळी अगदी नवाकोरा आराखडा आला. पाहिला आणि मी खुर्चीत सरळ बसले. तो माझाच होता. आमच्या धंद्यात जुन्या आराखड्यावरचं रस्त्याचं नाव बदलून तो नवा म्हणून खपवतात, सगळेच खपवतात. साहेबांच्या नव्या माणसाने कंप्युटरमधला सगळ्यात नेटका आराखडा शोधला होता, आणि तो नेमका डोंबिवलीचा निघाला. संध्याकाळी गर्दी होते म्हणून मी त्यात एक पोळीभाजी केंद्र दाखवलेलं. ते आता कोलशेतला, एका कारखान्याच्या गेटसमोर आलं होतं.

मी साहेबांनाच बोलावून घेतलं.

"मॅडम, चूक झाली असेल तर सांगा ना," ते बसता बसता म्हणाले. नऊ वर्षं मी 'अगं' होते.

मी त्यांचं ते चौकशीतलं पत्र आराखड्याशेजारी ठेवलं. "हा आराखडा सदोष आहे असं तुम्हीच लिहून दिलंय. मग तोच परत कसा दिलात?"

त्यांनी दोन्ही कागद पाहिले. "मग आता काय करू?"

"खरं काय ते लिहून द्या."

त्यांनी तिथेच, माझ्यासमोर, लेटरहेडवर लिहून दिलं. आराखडा बरोबर होता, फलक आम्ही लावले नाहीत, बाईंवरचा ठपका खोटा होता. ते सही करत असताना मी टक लावून पाहत होते.

"आता तरी पास करा," पत्र सरकवत ते म्हणाले. "आराखडा बरोबर आहे हे आता लेखी आहे."

"डोंबिवलीसाठी बरोबर आहे. इथे कंटेनर वळतात," मी म्हटलं आणि सहा हरकती लिहून फाइल परत दिली.

पुढच्या आठवड्यात मुद्दाम रिक्षा करून मी कोलशेतला गेले. साठी ओलांडलेले साहेब भर उन्हात, टेप घेऊन रस्त्याची रुंदी मोजत होते. मला अजिबात दया आली नाही. पाचवा आराखडा आला त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. मी सही केली. काम सुरू झालं त्या दिवशी पुन्हा गेले. फलक जागेवर, बॅरिकेड जागेवर, दोन्ही टोकांना झेंडेवाले उभे, आणि शाळेतली पोरं दोरीच्या आतून आरामात चाललेली. चूक शोधायलाच गेले होते, एकही सापडली नाही.

परतताना खोपटला रिक्षा अडकली. रस्ता खोदलेला, एक बाजू उघडीच. एक बाई हातातल्या पिशव्या आधी चरापलीकडे ठेवून, रिक्षाचा दांडा धरून उडी मारत होती.

"असल्या कामाला परमिशन देतं तरी कोण, मॅडम?" रिक्षावाला वैतागून म्हणाला.

त्या कामाचा आराखडा मी त्याच महिन्यात पास केला होता, दहा मिनिटांत. पायी चालणाऱ्यांची वाट त्यात दाखवलेलीच नव्हती आणि ते मला दिसलंही होतं. पण त्या कंत्राटदाराशी माझं काहीच वाकडं नव्हतं.