धुऱ्यावरचा बिंदू

दोन रेघा दिसल्या आणि आमच्या साडूंना आनंद झाला नाही, असे या पृथ्वीच्या पाठीवर कधी घडले नसेल. तळेगावच्या शाळेत ते मुलांना भूमिती शिकवत, आणि शाळा सुटल्यावर उरलेल्या जगाला. नालवाडीला आमच्याकडे आले, की पाण्याचा पेला बाजूला ठेवून आधी अंगणातल्या कपडे वाळवण्याच्या दोन दोऱ्या न्याहाळत. "समांतर नाई ह्या," ते हर्षभरित होऊन सांगत, "वाढवत नेल्या तं पवनारच्या नदीत भेटतीन पाहा!" लग्नात दोन पंगती समोरासमोर बसल्या, की दोन्ही टोकांना अंतर सारखे होईपर्यंत वऱ्हाडी मंडळी पत्रावळींसह सरकत राहत. वरण निवून जाई. पण या पंगती जन्मात एकमेकींना मिळणार नाहीत, एवढी खात्री पटलेली असे.

या आनंदाला एकच गालबोट होते. थोरल्या भावाशी शेताची वाटणी झाली, तेव्हा दोरी धरून त्यांनी चार लोकांत जाहीर केले होते, की दोघा भावांमधला धुरा, म्हणजे शेताचा बांध, रस्त्याशी काटकोन करत नाही. धुऱ्याचे दगड थोरल्यांनीच रोवलेले होते. साडूंनी भूमिती सांगितली, थोरल्यांनी ती चोरीचा आळ म्हणून ऐकली, आणि बोलणे तुटले. "आमी आता समांतर," साडू म्हणत. रेघांविषयीचे हे एकच वाक्य ते खाली मान घालून बोलत.

नव्वदच्या दशकातल्या एका पेरणीला मी साडूंच्या शेतावर होतो. आमच्याकडे कपाशीसाठी शेतात उभ्या-आडव्या रेघा पाडतात आणि त्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथेच सरकीचे बी मातीत टोबतात. पहिली रेघ सरळ पडावी म्हणून समोरच्या खुणेवर नजर रोखून बैल हाकायचे असतात. साडूंनी धुऱ्यावरचे काहीतरी पांढरे खूण म्हणून धरले आणि दोन बिंदूंतून एकच रेघ जाते, असे बैलांना समजावत ते निघाले. ते पांढरे म्हणजे थोरल्यांच्या डोक्याचा दुपट्टा होता. धाकट्याची पेरणी पाहत थोरले धुऱ्यावरून सावकाश चालत होते; साडूंची नजर त्यांच्यामागे, बैल नजरेमागे. मला हाक मारावीशी वाटली, मारवली नाही. रेघ विळ्यासारखी वळत थेट थोरल्यांच्या पायांशी येऊन थांबली.

"काऊन रे मास्तर," थोरले म्हणाले, "हे सरळ रेघ हाय काय?"

"रेघ सरळच होती, दादा. तूच हालला."

"कोणाले तरी हालाच लागते ना बे."

मीही आयुष्यभर स्वतःला सरळ समजत आलो आहे. त्या दिवसापासून ते जरा हळू आवाजात म्हणतो.

साडूंनी ती रेघ कोणाला मोडू दिली नाही. कपाशी फुटली तेव्हा चौकटीच्या शेतातून एक पांढरी ओळ धाकट्याकडून थोरल्याकडे वळत गेलेली दिसे. आता थोरले नाहीत. समोर खुणेला काठी रोवलेली असते, ती जागची हलत नाही, आणि साडूंच्या रेघा अगदी सरळ जातात. ते त्या रेघांकडे एकदा पाहतात, आणि अंतर न मोजताच बैल सोडतात.