उजव्या हाताची नखं

सुधीरचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, फोन ऑफिसात आला तेव्हा मी डबा उघडत होते. आवाज अगदी शांत. "आई गेली," म्हणाला, "पेपर वाचता वाचता." आजारपण नाही, हॉस्पिटल नाही... कुणाकडून सेवा करून घ्यायची नाही हा माझ्या सासूबाईंचा हट्ट, तो त्यांनी शेवटपर्यंत चालवला. आता दीड महिना होत आला. भेटायला येणारे त्यांच्या हाताच्या चवीबद्दल बोलतात, शिस्तीबद्दल बोलतात. माझ्या मनात मात्र एकच प्रश्न घुटमळतो. आई, माझी गिटार तुम्हाला कधी आवडली का हो? आठ वर्षांत त्यांनी चांगला-वाईट एक शब्द काढला नाही, आणि मला तर तेवढा एकच शब्द हवा होता.

एक्क्याण्णव साली लग्न होऊन मी नाशिकहून बंगळूरला, मल्लेश्वरमच्या या घरात आले. सासरची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या इथली. आई गल्लीतल्या सगळ्यांच्या 'अक्का', आणि त्यांच्या मराठीत 'स्वल्प' म्हणजे थोडं, 'सरी' म्हणजे बरं, असे कानडी शब्द इतके मिसळलेले, की सुरुवातीला निम्मं माझ्या डोक्यावरून जायचं. सुधीर सरकारी कारखान्यात इंजिनिअर, दिवसभर बाहेर. मला नोकरी लागली, तरी शहर काही आपलं वाटेना. ऑफिसच्या वाटेवर एका बैठ्या घरातून गिटार ऐकू यायची. एक दिवस सरळ फाटक उघडून आत शिरले. डॉरीन मिस, पांढरे केस, फुलाफुलांचा फ्रॉक, माझे हात उलटसुलट करून म्हणाल्या, "पहले नाखून बढ़ाओ, मा. ओन्ली राइट हँड." डाव्या हाताची नखं मात्र पार मुळापर्यंत कापायची. मग शिकवणी सुरू. अंगठ्याने वरच्या जाड तारा एका लयीत छेडत राहायच्या आणि त्याच वेळी पुढच्या तीन बोटांच्या नखांनी खालच्या बारीक तारा एकेक करून उचलायच्या. ऐकायला किती सोपं! पण अंगठा हलला की बोटं निघालीच त्याच्यामागे, आणि बोटांकडे लक्ष द्यावं तर अंगठा रुसून बसायचा. रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की पुढच्या खोलीत माझं टुंग-टिंग सुरू व्हायचं. सुधीर विचारायचा, "नळ गळतोय की तू आहेस?"

खरी पंचाईत झाली स्वयंपाकघरात. आईंनी माझा हात बघितला आणि परात माझ्यासमोरून ओढून घेतली. "एवढाल्या नखांनी कणीक मळायची नाही. घाण जाते." वाटलं, झालं, संपली गिटार. पण त्या बाह्या वर सारत म्हणाल्या, "सरी. कणीक मी मळते. तू तुझी नखं सांभाळ." हा टोमणा की परवानगी, देव जाणे! त्या दिवसापासून कणीक त्यांच्याकडे गेली ती गेलीच, आणि मला पोळीचा घास गिळताना उगीच अवघडल्यासारखं व्हायचं.

त्याच हिवाळ्यात डॉरीन मिसच्या घरी आम्हा शिकाऊ लोकांचा छोटासा कार्यक्रम ठरला. आदल्या दिवशी आईंनी अवरेकाळू भिजवले होते. हे आपले वालासारखे दाणे. चिमटीत दाबले की साल बोटात राहतं आणि दाणा टुणकन बाहेर उडतो. कणकेचं ओझं मनावर होतंच, म्हणून मी हौसेने पातेलं पुढ्यात घेऊन बसले. पाण्यात नखं मऊ पडतात हे माझ्या अकलेला सुचलंच नाही. निम्मं पातेलं होईतो दोन नखं चिरली, तिसरं उभं फाटलं. मला रडूच फुटलं. आई उठल्या आणि नेलकटर घेऊन आल्या.

"अहो आई, आज शनिवार!" मी म्हटलं. या घरात शनिवारी नखं कापली म्हणून सुधीरने लहानपणी धपाटे खाल्लेले.

"मी तुला वार विचारला का? हात पुढे कर." सगळी नखं त्यांनी एकसारखी कापली आणि दाणे सोलायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी मी नुसत्या बोटांनी वाजवलं. आवाज मऊ आला, अंगठा एकदाही चुकला नाही, टाळ्या पडल्या. तरंगतच घरी आले. आईंनी विचारलं, "जेवायला होतं का काही तिकडे?" बस्स, एवढंच! अशी चिडले मी... पण वाजवायचं काही सोडलं नाही.

परवा ऑफिसातून आले, कुकर लावला आणि त्या गेल्यानंतर पहिल्यांदाच गिटार घेऊन बसले. हात जरा मोकळा होतोय तोच आतून शिट्टी झाली. बाई गं, केवढी मोठी! लय तुटली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा शिट्टी. वैतागून सुधीरला म्हटलं, "असं याआधी कधी झालं नव्हतं रे."

"कसं होणार?" तो म्हणाला. "तुझं आटपेपर्यंत आई कुकर लावायचीच नाही. मी भुकेने ओरडायचो, तर म्हणायची, स्वल्प थांब, तिचा ताल मोडेल."

मी उठले, गॅस बंद केला आणि परत येऊन वाजवायला बसले. सुधीरला भूक लागली होती, तरी तो समोर बसून ऐकत राहिला.