सुमनआत्याच्या वेगळ्या वाट्या

सुमनआत्या गेल्याचं मला मेसेजनं कळलं. अकोल्याहून तिच्या मुलानं, विनोददादानं, लिहिलं होतं, ‘आई गेली. दुपारी नेणार. सावकाश ये.’ मरणाचा निरोप असा लिहून देतात का, म्हणून नातेवाइकांनी त्याला नंतर बोल लावले. पण अचानक फोन वाजला की मला धड बोलता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. आत्यानं ते घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं...

माझी आई लवकर गेली आणि मी आत्याकडे वाढले. चाळिशी ओलांडली तरी चार माणसांत बसून आलं की मी दोन दिवस आजारी पडल्यासारखी का होते, याचा एकदा छडा लावावा म्हणून अमरावतीत एका डॉक्टरबाईंकडे जाऊ लागले. त्यांना ऑटिझमची शंका होती. पण मोठ्या वयात निदान करायचं तर लहानपण पाहिलेलं माणूस लागतं. आत्याला विचारलं, तर म्हणाली, ‘तुले काय झालं? चांगली तर हायेस.’ आणि दुसऱ्याच दिवशी ठेवणीतलं पातळ नेसून एसटीनं हजर झाली.

‘लहानपणी कशी होती ही?’ डॉक्टरबाईंनी विचारलं. आत्यानं पदर सावरला. ‘पोरगी गुणाची हाय, मॅडम. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. सयपाक येते, शिवण येते.’ परक्यानं मुलीबद्दल विचारलं की आमच्याकडे असंच सांगायचं असतं. डॉक्टरबाई हसल्या, ‘मावशी, मी स्थळ बघायला नाही बसले.’ मला मात्र हसू येईना. एवढ्या वर्षांनी उत्तर दारापर्यंत आलं होतं आणि आत्या माझी अब्रू राखत बसली होती. मी म्हटलं, ‘आत्या, खरं सांग. तू झाकलंस तर मला कधीच कळणार नाही.’

ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली... मग म्हणाली, ‘लग्नात बँड वाजला का हे कोठीत कान दाबून बसे. मी बाहेरून दार लोटून घ्यायची. पंगतीत भाजीचा रस्सा बुंदीले लागला का उपाशी उठे. मंग मीच हिच्या वाट्या येगळ्या मांडत होती. लोकं म्हणत, लाडावून ठेवली. मी म्हणलं, राहू द्या.’

ऐकता ऐकता मला रडू फुटलं. माझं लहानपण सुखात गेलं असंच मी समजत आले होते, आणि ते सुख कुणी राखलं हे त्या खुर्चीत बसून कळलं. पुढे निदान पक्कं झालं तेव्हा आत्यानं आधी औषध विचारलं. औषध नाही, ही अशीच आहे, असं ऐकल्यावर म्हणाली, ‘मंग हे तर मले पयलेपासून मालूम होतं.’

तेरवीला अकोल्याला गेले. पंगत बसली तशी मी सवयीनं दाराजवळची, उठून जायला सोपी जागा धरली. वाढायला वैशालीवहिनी, विनोददादाची बायको, आली. तिनं माझ्यापुढे वाट्या मांडल्या, एकीला दुसरी लागणार नाही अशा.

मी तिच्याकडे पाहिलं. ‘आई सांगून गेल्या,’ ती हळूच म्हणाली. ‘तिले इचारत बसू नको म्हणे, मांडून देत जाय.’

त्या दिवशी पंगत उठेपर्यंत मी सगळ्यांसोबत बसून जेवले.