मनोऱ्यावरचे आबा

आबांचा फोन रोज सकाळी यायचा. प्रश्न ठरलेला. "जेवलीस का?" सकाळी आठला कोण जेवतं? पण 'हो' म्हणून मोकळं व्हायचं, नाहीतर भाषण ऐकावं लागे. मी लावलेला फोन त्यांना कधी लागतच नसे.

एका रविवारी तो फोन आलाच नाही. अकरापर्यंत कशीबशी कळ काढली, मग सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतून स्कूटर काढली आणि वाटभर त्यांच्यावर चिडत वस्ती गाठली. वस्ती म्हणजे माळढोक अभयारण्याच्या कुंपणाला लागून पाच घरं. आई गेल्यापासून आबा तिथं चार शेळ्या घेऊन एकटे राहतात. सोलापुरात चला म्हटलं की म्हणतात, "तितं आभाळ कुटं दिसतंय?"

शेजारच्या काकू वाटेतच आडव्या आल्या. "शेळ्या ओढ्याकडनं आपल्या आपण घरला आल्या गं, आबा न्हाईत आले."

माळावरचे लांडगे माणसाच्या वाटेला जात नाहीत हे ठाऊक होतं, पण साप होते, ऊन होतं आणि आबांचं वय होतं. काकूंची दोन्ही मुलं सगळा ओढा धुंडाळून हात हलवत परतली होती.

पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी माळावर एक लोखंडी मनोरा आहे. माझी नजर सहज तिकडे गेली, तर वर पांढरा पटका हलत होता. जीव भांड्यात पडला.

आबांचा गुडघा धरला होता. चढले, पण उतरता येईना, आणि हाका वाऱ्यावर गेलेल्या. मुलांनी त्यांना धरून खाली आणलं. मला रडू येत होतं, तोंडातून मात्र निघालं, "या वयात हरणं बघायची हौस आली का?"

आबा वर पोचता पोचता हातातून निसटलेला फोन गवतात शोधत राहिले.

काकू हसल्या. "हरणं कसली? वस्तीवर रेंज कुटं हाय? ती वरच येती. रोज चढत्यात की, तुला फोन लावाया."

मला हे कधीच कळलं नव्हतं. लाज वाटली, आणि आबा समोर आहेत याचं लई बरं वाटलं.

काकूंच्या ओट्यावर आबांनी तांब्याभर पाणी संपवलं, पटक्यानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं.

"जेवलीस का?"

"नाही," मी पहिल्यांदाच खरं सांगितलं.